‘डायरेक्ट’ची गोष्ट

(गणेशोत्सवानंतर झालेल्या कार्यकर्त्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला जेव्हा सांगितलं की ‘या वेळी तू बोल’, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, कशावर? मी पडलो कॉम्प्युटरवाला माणूस. माझ्या कामाबद्दल बोललो तर पाच मिनिटांत अर्धा हॉल चहाच्या टेबलाजवळ जाईल आणि दहा मिनिटांत माझी बायकोही. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “मखराच्या वेळी तुमच्या गॅरेजमध्ये काय गोंधळ झाला ते सांग की!” म्हणून आज विषय आहे वेल्डिंग मशीनमधला एक स्विच. आकाराने आपल्या एक डॉलरच्या नाण्यापेक्षाही लहान. घाबरू नका, प्रश्नपत्रिका नाही!

तुम्हाला आठवत असेल, यंदा मखरासाठी लोखंडी सांगाडा करायचं ठरलं. दर वर्षी लाकडाच्या पट्ट्या, खिळे, दोऱ्या, आणि आरतीच्या वेळी एकाने मागून खांब धरून उभं राहायचं, हे किती दिवस चालणार? घड्या घालून ठेवता येईल असा सांगाडा एकदा केला की दहा वर्षं बघायला नको. मी उत्साहात हात वर केला. कारण दोन. एक म्हणजे आमच्या शेजारच्या किवी आजोबांनी घर विकून वृद्धांच्या वसाहतीत जाताना त्यांचं जुनं मिग वेल्डिंग मशीन मला देऊन टाकलं होतं. दुसरं म्हणजे माझे वडील, आप्पा, आईबरोबर सहा महिन्यांसाठी इथे आले होते.

आप्पांचं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरमध्ये छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, शेड, आणि हंगामाच्या आधी उसाच्या ट्रॉल्या. ज्यांचे आई-वडील इथे येऊन राहतात त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पहिले पंधरा दिवस सगळं छान असतं. स्काय टॉवर झाला, रोटोरुआ झालं, वास घेऊन झाला. मग सकाळी आम्ही कामावर, मुलं शाळेत, आणि आप्पा खिडकीत. चाळीस वर्षं हातात होल्डर धरलेला माणूस रोज माझ्या लॉनचं गवत किती वाढलं ते मोजत बसलेला. त्यांना मी म्हणालो, “आप्पा, गणपतीचा सांगाडा करायचाय.” तर चष्मा पुसत म्हणाले, “मशीन कुठं हाय?”

तर शनिवारी काम सुरू झालं. चौकोनी पाइप कापले, कोन तपासले, टाके मारले. आप्पा वेल्डिंग करणार, मी ग्राइंडर मारणार. लहानपणापासूनची वाटणी तीच! पण दोन-तीन मिनिटं झाली की मशीन बंद. पुढच्या बाजूला पिवळा दिवा. वीस मिनिटं थांबायचं, दिवा गेला की पुन्हा सुरू. रविवारी थांबण्याचा वेळ अर्ध्या तासावर गेला. सोमवारी संध्याकाळी पिवळा दिवा लागला तो लागलाच. मंगळवारी सकाळी मशीन थंडगार, तरी दिवा पेटलेला! आणि शनिवारी गणपती.

आप्पा शांतपणे म्हणाले, “आरं, आत थर्मलचा स्विच असतोय. त्याच्या दोन वायरी काढायच्या, पीळ मारायचा, टेप गुंडाळायची. डायरेक्ट!”

‘डायरेक्ट’ हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये, गॅरेजमध्ये, अगदी घरातसुद्धा ऐकू येतो. गीझरचा कटआउट जातो, डायरेक्ट कर. फ्यूज सारखा उडतो, जाड तार घाल, डायरेक्ट. इथेही कमी नाही बरं का. न्यूझीलंडमध्ये १५ अँपियरच्या प्लगचा अर्थिंगचा दात मुद्दाम रुंद केलेला असतो, म्हणजे तो १० अँपियरच्या साध्या सॉकेटमध्ये जाऊ नये. तर तोच दात कानशीने घासून बसवणारेही असतात. काम अडलं की डोकं सगळीकडे सारखंच चालतं.

आता हा स्विच करतो काय, ते दोन मिनिटांत सांगतो.

वेगवेगळे धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, हे आपण शाळेत शिकलो. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या आणि तापवल्या, तर एक जास्त लांबते, दुसरी कमी, आणि जोडपट्टी वाकते. हीच चकती थोडी खोलगट केली तर ती हळूहळू वाकत नाही. ठरावीक तापमानाला ‘टक्’ करून एकदम उलटी होते. लहानपणी डब्याचं पत्र्याचं झाकण अंगठ्याने दाबून टकटक आवाज करायचो ना, तसंच. चकती उलटली की तिच्यावरची छोटी दांडी संपर्क तोडते आणि वीज थांबते. थंड झाल्यावर चकती पुन्हा सुलटी होते, पण लगेच नाही, बऱ्याच कमी तापमानाला. नाहीतर स्विच सेकंदा-सेकंदाला टकटक करत बसेल.

तुमच्या घरी आज सकाळीही हे घडलंय. इलेक्ट्रिक केटल, इथले लोक जिला ‘जग’ म्हणतात, ती पाणी उकळलं की आपोआप बंद होते. उकळत्या पाण्याची वाफ एका वाटेने खाली अशाच चकतीपर्यंत जाते आणि ती टक् करते.

ही युक्ती इंग्लंडच्या जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने अठराव्या शतकात घड्याळात वापरली. समुद्रात रेखांश काढायला अचूक घड्याळ हवं, आणि थंडी-उन्हाने घड्याळ मागेपुढे होऊ नये म्हणून त्याने पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी केली. त्याच्या चौथ्या घड्याळाची केंडॉल या कारागिराने केलेली प्रतिकृती कॅप्टन कुकने दुसऱ्या सफरीवर आणली. १७७३ साली तो आपल्या इथे, साउथ आयलंडच्या डस्की साउंडमध्ये मुक्कामाला होता. म्हणजे ही दोन धातूंची पट्टी न्यूझीलंडमध्ये आपल्या सगळ्यांच्या आधीची ‘मायग्रंट’ आहे! व्हिसाचं काय केलं ते माहीत नाही.

वेल्डिंग मशीनमध्ये ही चकती ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला चिकटून बसवलेली असते. वेटोळ्याच्या तारेवरचं इन्सुलेशन ठरावीक तापमान सोसतं. बी वर्गाचं १३० अंश, एफ वर्गाचं १५५, एच वर्गाचं १८०. त्याच्या वर गेलं की ते करपत जातं. आपल्याला दिसत नाही, वासही उशिरा येतो. एक दिवस आतल्या आत वेटोळं शॉर्ट होतं. ते होण्याआधी हा स्विच ‘बास!’ म्हणतो.

म्हणूनच प्रत्येक वेल्डिंग मशीनवर ‘ड्यूटी सायकल’ लिहिलेलं असतं. आमच्या मशीनवर होतं, १५० अँपियरला २० टक्के, ८५ अँपियरला ६० टक्के. हा हिशेब दहा मिनिटांचा असतो. २० टक्के म्हणजे दोन मिनिटं वेल्डिंग, आठ मिनिटं विश्रांती. प्रवाह दुप्पट केला की वेटोळ्यातली उष्णता चौपट होते, म्हणून प्रवाह कमी ठेवला की जास्त वेळ चालवता येतं. आणि हे आकडे बाहेरचं तापमान ४० अंश धरून काढलेले असतात.

इथेच माझी ट्यूब पेटली. आम्ही पातळ पाइपावर काम करत होतो, जेमतेम ७० अँपियरवर. गॅरेजमध्ये ऑगस्टची थंडी, आप्पा स्वेटरवर जाकीट घालून वेल्डिंग करत होते! अशा वेळी मशीन दोन-तीन मिनिटांत तापायलाच नको. म्हणजे प्रश्न दोन होते. स्विच आता मेलाय, हा एक. पण मरायच्या आधी तो सारखा का ओरडत होता, हा दुसरा.

आप्पांना म्हणालो, “डायरेक्ट नको. उघडून बघतो.”

ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

प्लग काढून समोर टेबलावर ठेवला, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो, म्हणून थांबलो आणि मीटर लावून व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री केली. (इन्व्हर्टर जातीच्या मशीनमध्ये हे व्होल्टेज तीनशेच्या वर असतं. ज्याला त्यातलं कळत नाही त्याने झाकण उघडूच नये.) वायरींचे फोटो काढले. मग स्विचच्या दोन्ही वायरी काढून मीटर लावला. थंड असताना हा स्विच जोडलेला हवा, मीटरने पीं करायला हवं. मीटर गप्प. स्विच गेला, हे नक्की.

आणि मग पंख्याकडे लक्ष गेलं. मागच्या बाजूला थंड करणारा पंखा असतो. स्विच तुटला की वेल्डिंग थांबतं, पण पंखा चालू राहायला हवा. आम्हाला तीन दिवसांत त्याचा आवाजच आला नव्हता! ग्राइंडरच्या गोंगाटात कुणाच्या लक्षात आलं नाही. पात्यांवर लाकडाचा भुसा, धूळ, कोळ्यांची जाळी यांची गोधडीच तयार झाली होती. बोटाने फिरवला तर अर्धा फेरा घेऊन थांबला. म्हणजे स्विच बिचारा खरंच सांगत होता. आत आग होती आणि वारा नव्हता. टक् टक् करून त्याचे संपर्क जळाले. नंतर मी तो जुना स्विच फोडून पाहिला, आत दोन्ही टिकल्या काळ्याठिक्कर.

आता विचार करा. नुसता डायरेक्ट केला असता तर पंखा बंद तो बंदच, आणि ओरडणाराही गेलेला. नुसता नवा स्विच टाकला असता तरी चार आठवड्यांत तोही मेला असता.

आईच्या शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब, ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर यांनी पंखा मोकळा झाला. नवा स्विच पेनरोझच्या एका दुकानात मिळाला, दोन कप कॉफीच्या किमतीत. पण घेताना चार गोष्टी जुळवायच्या. तापमान तेवढंच हवं. जास्तीचा घेतला तर इन्सुलेशन जळेपर्यंत तो गप्प बसेल, कमीचा घेतला तर उगीच ओरडेल. दुसरं, थंड असताना जोडलेला राहणारा हवा, कारण याच्या उलट जातीचाही मिळतो. तिसरं, व्होल्ट आणि अँपियर जुन्याइतके तरी हवेत. चौथं, आपोआप पूर्ववत होणारा की बटण दाबून, ते जुन्यासारखंच हवं. हे आकडे स्विचच्या अंगावरच छापलेले असतात, भिंग घेऊन वाचा.

बसवण्याआधी आम्ही त्याची परीक्षा घेतली, चक्क पोळीच्या तव्यावर! आईने “माझा तवा!” म्हणून आरडाओरडा केला. स्विच तव्यावर पालथा, वायरींना मीटर, मीटरची पीं चालू. तवा तापला. टक्! पीं बंद. गॅस बंद केला, आम्ही चौघं तव्याभोवती उभे. बराच वेळाने पुन्हा टक्, आणि पीं सुरू. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. आप्पा हसले, पण नेहमीसारखं नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी गॅरेजमध्ये स्विच बसवत होतो. चकतीचा सपाट भाग वेटोळ्याला नीट टेकला पाहिजे, मध्ये फट राहिली तर त्याला ताप कळणारच नाही. क्लिप आवळत होतो आणि आप्पा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “तुला तो फराळाचा डबा आठवतोय?”

आठवत होताच. लहानपणी दर दिवाळीला आप्पा मला सायकलवर एका घरी डबा द्यायला पाठवायचे. चकल्या, लाडू, करंज्या आणि एक पाकीट. त्या घरातला दादा आधी आमच्याकडे हेल्पर होता. त्याच्या दोन्ही हातांची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती. डबा तो तळव्यांवर घ्यायचा, बोटांनी नाही. मला वाटायचं, आप्पा दिलदार आहेत. शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं होतं मी!

आप्पांनी सांगितलं ते असं. १९९८ सालची गोष्ट, मी तेव्हा पाचवीत. गळीत हंगाम तोंडावर, ट्रॉल्यांची ऑर्डर, रात्रंदिवस काम. मशीन तापून सारखं बंद पडायचं. आप्पांनी स्वतःच्या हाताने स्विच काढला आणि डायरेक्ट केलं. आठ दिवस झकास चाललं. नवव्या दिवशी संध्याकाळी आतून धूर आला आणि मशीनने पेट घेतला. तो पोरगा सतरा-अठरा वर्षांचा. मालकाचं मशीन जळतंय म्हणून धावला, पेटलेली केबल दोन्ही हातांनी धरून ओढली.

“दवाखान्याचं सगळं म्या केलं,” आप्पा म्हणाले. “वर्षभर पगार दिला. लोकांस्नी सांगितलं, शॉर्टसर्किट झालं. त्यालाबी तेच सांगितलं. आजतागायत त्याला ठावं न्हाई, की स्विच म्या काढलेला.”

मी पाना हातात धरून तसाच बसलो. काय बोलणार? थोड्या वेळाने मी विचारलं, “मग आप्पा, परवा मला डायरेक्ट कर का म्हणालात?”

ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, “जिभेची सवय रं. काम अडलं की तोंडात पयला त्योच शबूद येतोय. तू न्हाई म्हणालास, तवा कळलं मी काय बोललो ते.”

मंडळी, मी आप्पांना दोष द्यायला इथे उभा नाही. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच दिलीय. खरं तर त्यांनीच “सांग” म्हणून सांगितलं. आणि मी तरी कुठला शहाणा? दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसमधला एक सर्व्हर रात्री-बेरात्री मला मेसेज पाठवायचा, ‘डिस्क भरत आलीय’. झोपमोड व्हायची म्हणून मी तो अलर्ट बंद करून टाकला. चार दिवसांनी डिस्क भरली आणि एका ग्राहकाचं काम दिवसभर ठप्प. माझं नशीब की माझ्या डायरेक्टमध्ये कुणाचे हात भाजले नाहीत. फरक नशिबाचा आहे, अकलेचा नाही.

असो. बुधवारी झाकण लावायच्या आधी आणखी एक काम केलं. न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या घरगुती उपकरणाची दुरुस्ती मालकाला करता येते, त्यासाठी ‘एनझेडईसीपी ५०’ नावाची संहिताही आहे. पण हे मशीन मंडळाच्या कामाला लागणार, चार जण हाताळणार. म्हणून आपल्याच एका नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन सभासदाला बोलावलं. त्यांनी अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासलं, पंखा अर्धा तास चालवून बघितला आणि मगच टॅग लावला. फी म्हणून आईच्या हातची पुरणपोळी, जी त्याच तव्यावर भाजली होती!

गुरुवारी आणि शुक्रवारी आप्पांनी सांगाडा पूर्ण केला. पिवळा दिवा एकदाही लागला नाही. आणि दर थोड्या वेळाने ते हात थांबवून कान देत होते, पंखा चालू आहे ना म्हणून.

जाता जाता घरी करण्यासारख्या चार गोष्टी. कपड्यांच्या ड्रायरची जाळी दर वेळी साफ करा. त्यातही असाच स्विच असतो, आणि बऱ्याच ड्रायरमध्ये थर्मल फ्यूजही, जो एकदाच उडतो आणि पुन्हा जुळत नाही. तो उडाला तर आधी हवा कुठे अडलीय ते शोधा. हीटरवर टॉवेल वाळत घालू नका. वेल्डिंग मशीनचा पिवळा दिवा लागला तर भिंतीवरचं बटण बंद करू नका, पंख्याला त्याचं काम करू द्या. आणि भारतात घरी फोन कराल तेव्हा एकदा विचारा, गीझरचा कटआउट कुणी डायरेक्ट तर केला नाही ना? गीझरमध्ये थर्मोस्टॅट बिघडला की कटआउट हा महत्त्वाचा राखणदार असतो.

पुढच्या आठवड्यात आप्पा-आई परत निघालेत. व्हिसा अजून शिल्लक आहे, नातवंडं रडतायत, आम्ही खूप आग्रह केला की दिवाळी इथेच करा. आप्पांचं एकच, “दिवाळीला घरी पायजे.” मला वाटायचं, वर्कशॉपमधल्या लक्ष्मीपूजनासाठी. आता कळलं, डबा पोचवायचा असतो. यंदा तो घेऊन ते स्वतः जाणार आहेत. म्हणाले, “या वर्षी डब्याबरोबर खरं काय झालं तेबी सांगून येतो.”

त्यावर तो दादा काय म्हणेल, मला सांगता येत नाही. तो डबा परतही करील कदाचित. आप्पांचीही तयारी आहे.

मखराचा सांगाडा मात्र माझ्या गॅरेजमध्ये घडी घालून नीट ठेवलाय. पुढच्या वर्षी आरतीच्या वेळी मागे खांब धरून कुणाला उभं राहावं लागणार नाही. सगळ्यांनी पुढे या.

गणपती बाप्पा मोरया! आणि सगळ्यांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा.